अडीच किलोमीटरचं स्थलांतर

कोथरूडमधला मुलगा अमेरिकेला गेला तर त्याची बातमी होत नाही. दर इमारतीतले निदान दोघे तिकडे असतात, आणि त्यांचे आईवडीलही वर्षाआड सहा महिने तिकडेच असल्यामुळे बातमी सांगायची कोणाला, हाही प्रश्न असतो. पण कर्वे रोडवरचं एखादं दुकान उठून पौड रोडला गेलं की त्याची चर्चा पहाटे टेकडीवर सुरू होते आणि रात्रीच्या शतपावलीलाच थांबते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेलं मोटारींचं शोरूम २०२५ च्या सप्टेंबरात असंच हललं. पौड फाट्याच्या पुढून निघालं आणि आनंदनगरला पोचलं. अंतर जेमतेम अडीच किलोमीटर. कोथरूड सुटलं नाही, पिनकोडसुद्धा बदलला नाही. गल्लीनं मात्र ते फार मनाला लावून घेतलं.

बातमी फोडली ती फ्लेक्सनं. ‘आपल्या सेवेसाठी आता अधिक प्रशस्त जागेत!’ एवढंच त्यावर होतं. पण पुण्यात फ्लेक्सवर लिहिलेलं कोणी खरं मानत नाही. त्याच्यामागे काय आहे ते आधी शोधायचं असतं. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून निकाल दिला, “अधिक प्रशस्त म्हणजे भाडं परवडत नाही.” पहिल्या मजल्यावरच्या वहिनींचं म्हणणं, जागाच दक्षिणमुखी, इतकी वर्षं टिकलं हेच नवल. तिसऱ्या गटाला रिडेव्हलपमेंटचा संशय होता. कोथरूडमध्ये आता माणूस दोन दिवस दिसला नाही तरी त्याची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली असं समजण्याची पद्धत आहे.

चौथं मत मेट्रोचं, आणि ते थोडं झोंबणारं होतं. पौड रोड खोदून ठेवला होता तेव्हा आम्ही कर्वे रोडच्या या टोकाची माणसं मनातून सुखावलो होतो. तिकडच्या नातेवाइकांना फोन करून “धूळ फार आहे का हो तुमच्याकडे?” असं विचारायचो. मग ६ मार्च २०२२ ला वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली आणि ते फोन बंद झाले. आता तिकडचे नातेवाईक फोन करतात आणि “तुम्ही अजून रिक्षानंच जाता का?” असं विचारतात. त्यामुळे शोरूम पौड रोडला चाललं म्हटल्यावर गल्लीला ते शोरूम फितूर झाल्याचं वाटलं.

बाहेरच्याला वाटेल, एवढं काय त्या शोरूमचं? गाड्या विकायची जागा ती. पण आमच्या गल्लीला तो रोजचा करमणुकीचा कार्यक्रम होता, आणि तोही तिकीट न काढता. नवी गाडी घ्यायला येणारं कुटुंब नऊ जणांचं असतं, गाडी पाच जणांची. गाडीवर लाल सॅटिनचं कापड घातलेलं असतं आणि ते सगळ्यांनी मिळून ओढायचं असतं. आजोबा एका बाजूनं ओढतात, नातू दुसऱ्या बाजूनं, आणि कापड आरशात अडकतं. मग शोरूममधला मुलगा ते अलगद सोडवतो, परत गाडीवर घालतो आणि फोटोसाठी पुन्हा ओढायला लावतो. त्यानंतर पुठ्ठ्याची हातभर किल्ली. ती धरून सगळे दात दाखवत असताना खरी किल्ली कोणाकडे आहे याचा पत्ता नसतो. ती शेवटी आत्याबाईंच्या पर्समध्ये सापडते.

मग पूजा. आई बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायला जाते, आणि ज्याच्या नावावर कर्ज आहे तो मुलगा कासावीस होतो. “आई, पांढरी गाडी आहे, डाग राहील. काचेवर काढ ना.”

“काचेवर काढलं तर तुला पुढचं दिसणार कसं?”

यावर त्याच्याकडे उत्तर नसतं. नारळ मात्र आत फोडायचा नाही, कारण फरशी कंपनीनं ठरवून दिलेली असते. फरशीचा रंग, भिंतीचा रंग, बाहेरच्या पाटीची उंची, सगळं कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे. कोथरूडमध्ये काय आणि कोइमतूरमध्ये काय, सारखंच. त्या पुस्तकात नारळासाठी जागा ठेवलेली नाही. म्हणून नारळ फुटपाथवर फुटायचा आणि त्याचं पाणी झेरॉक्सवाल्याच्या पायरीपर्यंत जायचं. शेवटी चार चाकांखाली चार लिंबं. ही गाडीची पहिली हालचाल, आणि ती सगळ्या नातेवाइकांच्या देखत करायची. पुढे घ्यायची की मागे, यावर काका आणि मेव्हण्यांचं एकमत होत नाही. दोन लिंबं चिरडतात, तिसरं सटकून गटारात जातं, आणि चौथ्यावर गाडी चढलीच नाही हे आत्याबाई घरी पोचेपर्यंत बोलून दाखवतात. तिथून गाडी थेट दशभुजा गणपतीला.

या लिंबांचा पुरवठा शोरूमच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या एका मावशींकडे होता. त्यांच्यापुढे दोन टोपल्या असत. एकीतलं लिंबू दहाला एक, दुसरीतली दहाला तीन. फरक विचारला तर म्हणायच्या, “हे गाडीचं लिंबू हाय, ते भाजीचं.” दोन्ही टोपल्या एकाच पोत्यातून भरताना आम्ही रोज पाहत होतो. पण गाडीसाठी आठ-दहा लाख मोजून आलेला माणूस लिंबात घासाघीस करत नाही, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. शोरूममधल्या सेल्सच्या पोरांना एवढं ओळखायला कंपनी ट्रेनिंगला पाठवते.

शोरूम हलणार हे त्या पोरांच्या आधी मावशींना कळलं. कसं, ते विचारू नये. फ्लेक्स लागायच्या आठवडाभर आधी त्या आनंदनगरला जाऊन, नव्या जागेच्या दाराशी कोणता कोपरा सावलीत येतो ते बघून आल्या होत्या.

शोरूमचा सर्वात नियमित पाहुणा म्हणजे आमच्या इमारतीतले काका. सरकारी खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त. रोज अकराच्या सुमारास जायचे, एसीत बसून दोन वर्तमानपत्रं वाचायचे, मशीनची कॉफी घ्यायचे आणि निघताना एखाद्या गाडीचं दार उघडून बंद करून आवाज ऐकायचे. नवं मॉडेल आलं की पहिली टेस्ट ड्राइव्ह त्यांची. गाडी कधी घेतली नाही. त्यांचा या धंद्यावर मुळात विश्वासच नव्हता. ते त्या पिढीचे, ज्यांनी स्कूटरचा नंबर लावला आणि तो येईपर्यंत लग्न, बदली आणि पहिलं मूल उरकून घेतलं. १४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० गिऱ्हाइकाच्या हाती पडली, तेव्हाही आधी पैसे भरून लोक रांगेत होते. काकांच्या मते चांगल्या वस्तूची हीच खूण. “मागितली की लगेच मिळते म्हणजे गाडीत काहीतरी खोट असणार,” असं ते सेल्सच्या मुलाला तोंडावर सांगायचे. तो बिचारा हसून म्हणायचा, “काका, साखर किती?”

मायलेजवरून मात्र दोघांची जुंपायची. भारतात गाडीच्या जाहिरातीत मायलेजचा जो आकडा असतो, तो बहुतेक वेळा एआरएआयनं प्रमाणित केलेला असतो. ही संस्था १९६६ पासूनची आणि आहे आमच्याच डोक्यावर, कोथरूडच्या टेकडीवर. अर्ध्या कोथरूडचं रोजचं फिरणं तिच्या आसपास होतं. टेकडीला लोक संस्थेच्याच नावानं ओळखतात. काका तर तिथले जुने भिडू.

“बावीस पॉइंट काहीतरी देते म्हणतोस? कुठे देते?”

“काका, एआरएआयचा आकडा आहे.”

“अरे, मी रोज तिथनंच येतो. तिथे ट्रॅफिक नसतंच.”

काकांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. ती चाचणी बंद खोलीत होते, चाकं रोलरवर फिरतात आणि गाडी जागची हलत नाही. कर्वे रोडवरही संध्याकाळी सहानंतर गाडी जागची हलत नाही; फक्त चाकं फिरत नाहीत. आकड्यात फरक पडतो तो तिथे.

आता हे सगळं सांगितल्यावर शोरूमवर गल्लीचं प्रेम होतं असा कोणाचा समज होईल. अजिबात नाही. आमच्या सोसायटीत त्यांच्याविरुद्धच्या पत्रांची एक स्वतंत्र फाइल आहे, आणि ती पाण्याच्या फाइलपेक्षा जाड आहे. रात्री दीडला गाड्यांनी भरलेला ट्रेलर यायचा. दिवसा त्याला शहरात येऊ देत नाहीत. मग रस्त्याच्या मधोमध उभा राहून तो एकेक गाडी उतरवायचा. रॅम्पचा खडखडाट, साखळ्यांचा आवाज, आणि “येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास!” हे ओरडणं. त्या ‘बास’ला अख्खी गल्ली जागी व्हायची. दिवसा टेस्ट ड्राइव्हच्या गाड्या गल्लीत शिरायच्या, कारण मुख्य रस्त्यावर जागाच नसायची. या टेस्ट ड्राइव्हमध्ये गिऱ्हाईक पहिला आणि दुसरा गिअर तपासू शकायचं; तिसऱ्यापासून पुढचे कंपनीवर विश्वास ठेवून घ्यायचे.

सेक्रेटरींनी प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘अन्यथा आम्हाला योग्य ते पाऊल उचलावे लागेल’ असं लिहिलं होतं. पाऊल कोणतं ते कधी ठरलं नाही. मुख्य अडचण अशी, की पत्रावर सह्या करणाऱ्यांपैकी निम्म्यांनी गाड्या त्याच शोरूममधून घेतल्या होत्या, ‘शेजारी म्हणून’ सीट कव्हर आणि फ्लोअर मॅट फुकट पदरात पाडून. सेक्रेटरींनी तर मडफ्लॅपही मिळवले होते.

आणि शोरूम जाण्याचं खरं कारण याच निम्म्यांत होतं. भाडं, वास्तू, मेट्रो हे सगळं आम्ही चघळत असताना एक दिवस सेल्सच्या मुलानं ते काकांना सांगून टाकलं. “काका, गिऱ्हाईक येतं, गाडी लावायला जागा शोधत दोन चकरा मारतं आणि तसंच डेक्कनला निघून जातं. गेल्या महिन्यात एक जण जुनी गाडी एक्स्चेंजला घेऊन आला होता. तो आत कोटेशन घेईपर्यंत बाहेर टोइंगवाल्यांनी त्याची जुनी गाडी उचलली. आता एक्स्चेंज कशाची करायची?”

काकांनी मान डोलावली. “समोर त्या एवढ्या गाड्या कोणाच्या उभ्या असतात?”

“आपल्याच, काका. सगळ्या आपणच विकलेल्या.”

वर्षानुवर्षं त्यानं गाड्या विकल्या. त्या अडीच किलोमीटरच्या परिघात राहणाऱ्या लोकांनी घेतल्या. त्यांच्या इमारती बांधल्या तेव्हा चार बिऱ्हाडांमागे एक स्कूटर धरलेली. आता एका बिऱ्हाडामागे दोन मोटारी. मग त्या गाड्या गल्लीत आल्या, गल्लीतून रस्त्यावर आल्या आणि सरकत सरकत शोरूमच्या दारापर्यंत पोचल्या. पुण्यात नोंदलेल्या वाहनांची संख्या माणसांच्या संख्येच्या पुढे गेली, अशा बातम्या २०१८ सालीच आल्या होत्या. वाहनं ३६ लाखांच्या वर होती. शोरूमच्या मालकांनी ती बातमी कापून काचेखाली ठेवली होती म्हणे, अभिमानानं. सात वर्षांनी तिच्यामुळेच त्यांना जागा सोडावी लागली. धंदा न चालल्यामुळे दुकान बंद पडलेलं सगळ्यांनीच पाहिलं आहे. धंदा इतका चालला की दुकानाला दारच उरलं नाही, हे पाहायला कोथरूडलाच यावं लागतं.

(महर्षी कर्वे हिंगण्याच्या आश्रमातून फर्ग्युसन कॉलेजला शिकवायला रोज पायी जात-येत असत. त्या काळी वाटेत चिखल होता आणि वाहन परवडणारं नव्हतं. आता वाहन दारात आहे आणि चालत गेलं तर लवकर पोचता येतं. रस्त्याला योग्य माणसाचं नाव दिलं गेलं आहे.)

जायचं ठरलं, पण जायचं कधी? मोटारींच्या धंद्यात पंचांग ताळेबंदाच्या वर ठेवतात. साडेतीन मुहूर्तांतला अर्धा कोणता, अक्षय्य तृतीया की बलिप्रतिपदा, यावर जाणकारांत दोन मतं आहेत. शोरूमवाल्यांनी वाद मिटवून चारही पूर्ण धरले आहेत. गणपती २७ ऑगस्टला बसले. त्या काळात डिलिव्हऱ्यांची झुंबड, हलवाहलव शक्य नाही. ३ सप्टेंबरला दिल्लीत जीएसटी कौन्सिलनं लहान गाड्यांवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आणला, पण लागू होणार २२ तारखेपासून. त्या रात्री बुकिंग केलेल्या प्रत्येक माणसाचा फोन आला आणि प्रत्येकानं एकच सांगितलं, “आमच्या गाडीची अजिबात घाई नाही हो.” सकाळपर्यंत हेच लोक डिलिव्हरी कधी म्हणून ओरडत होते. ६ तारखेला अनंत चतुर्दशी, सगळे रस्ते मिरवणुकीचे. ७ ला खग्रास चंद्रग्रहण. ८ पासून पितृपक्ष.

पितृपक्षात नवी गाडी कोणी उचलत नाही. म्हणजे शोरूम हलवायला याहून रिकामे दिवस वर्षात मिळणार नाहीत. पण पितृपक्षात नव्या जागेत प्रवेश तरी कोण करणार? आणि २२ ला घटस्थापना, त्याच दिवशी कर कमी. त्या सकाळी नव्या जागेत दिवे लागलेले, गाड्या पुसलेल्या आणि पेढ्यांचे पुडे फोडलेले हवेत. मालक गुरुजींकडे गेले. गुरुजींनी यातून जो मार्ग काढला तो दिल्लीच्या कौन्सिललाही सुचला नसता. अनंत चतुर्दशीच्या आत नव्या जागेत कलश ठेवून घ्यायचा, म्हणजे प्रवेश झाला. नंतर पितृपक्षात जाईल ते फक्त सामान. सामानाला पितृपक्ष नसतो.

“आणि गाड्या?”

“विकेपर्यंत त्या सामानच.”

सरकारी कागदांना असा कलश ठेवून चालत नाही. धंद्याचा पत्ता बदलला की जीएसटीच्या पोर्टलवर पंधरा दिवसांत दुरुस्ती टाकावी लागते. शॉप अ‍ॅक्टचा दाखला वेगळा. बँकेला कळवायचं, कारण दिमाखात उभ्या दिसणाऱ्या गाड्या बँकेच्या पैशातल्या असतात आणि त्यांच्यावर रोजचं व्याज चढत असतं. सर्वात महत्त्वाचं आरटीओचं ट्रेड सर्टिफिकेट. गाडी कोणाच्या नावावर चढलेली नसते तोवर रस्त्यावर आणायची तर ते लागतं, आणि लाल पाटीवर पांढऱ्या अक्षरांतला नंबर लावावा लागतो.

अशा लाल पाट्या लावून एका रात्री गाड्या निघाल्या. साडेअकरा वाजले होते. गल्ली झोपली नव्हती. झोपण्याचं सोंगही कोणी केलं नाही. काका शाल पांघरून खाली उतरले होते आणि ड्रायव्हरना सूचना देत होते. बाकीच्या गाड्या सुरळीत निघाल्या. घोळ झाला तो काचेमागच्या दर्शनी गाडीचा. तिच्यात पेट्रोल नावापुरतं होतं आणि दिवसभर दिवे लावून ठेवल्यामुळे बॅटरी उतरली होती. हँडब्रेक सोडून ती ढकलत काढायची ठरली. समोरची काच उतरवली, फळ्या टाकल्या. मागे सेल्सची चार पोरं, वॉचमन आणि सोसायटीतले तिघे. स्टिअरिंगवर शोरूमचे मालक. साडेअकरा लाखांची गाडी, टच स्क्रीन, सहा एअरबॅग, सनरूफ, आणि ती माणसं ढकलत होती. पुढचं चाक फळीवर आलं तेव्हा तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, “येऊ दे, येऊ दे, येऊ दे...” आणि ती फुटपाथवर टेकल्यावर सगळ्या बाल्कन्यांतून एकदम आवाज आला, “बास!” इतक्या वर्षांचा सूड अखेर निघाला.

तिला दोरी बांधून पुढच्या गाडीनं ओढत नेलं. नवरदेव नसलेली ती वरात मयूर कॉलनीतून पौड रोडकडे गेली. सिग्नल नुसते पिवळे लुकलुकत होते. काही मिनिटांत पोरं रिकामी परत आली, पुढच्या खेपेसाठी. त्यातला एक ड्रायव्हर भारावला होता. “काका, चौथा गिअर पडला! कोथरूडमध्ये!” काकांना ते खरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून चुकलेली माणसं यायला लागली. मोबाइलचा नकाशा अजून जुन्या जागीच आणून सोडत होता. माणूस गाडीतून उतरायचा, बंद शटरकडे बघायचा, मग मोबाइलकडे, मग पुन्हा शटरकडे, आणि झेरॉक्सच्या दुकानाकडे वळायचा. तिसऱ्या दिवशी तिथे पाटी लागली: ‘शोरूम गेले आहे. कोठे गेले ते समोरच्या फ्लेक्सवर लिहिले आहे. वाचता येणाऱ्यांनी विचारू नये. वाचता न येणाऱ्यांनी झेरॉक्स काढू नये.’ शिवाय इतकी वर्षं विकलेल्या प्रत्येक गाडीच्या मागच्या काचेवर शोरूमचं नाव आणि जुना पत्ता चिकटवलेला आहे, नंबर प्लेटच्या चौकटीवरही. तो स्टिकर कोणी काढत नाही. काढला तर गोंद राहतो. त्यामुळे जुना पत्ता घेऊन हजारो गाड्या अजून गावभर हिंडत आहेत.

आमचा स्वतःचा पत्ताही अडचणीत आला. आम्ही ‘शोरूमसमोरची गल्ली’. पार्सलवाल्याला सांगितलं तर तो आनंदनगरला जाऊन तिथल्या शोरूमसमोरून फोन करतो आणि तिथे गल्लीच नाही म्हणून आमच्यावर चिडतो. सेक्रेटरींनी सभेत ठराव मांडला, की यापुढे सर्वांनी ‘जुन्या शोरूमची गल्ली’ असंच सांगावं. एकमतानं मंजूर झाला. नळ स्टॉपवर नळ कुठे आहे असं विचारणारा माणूस बाहेरगावचा समजतात. त्याच न्यायानं आमची गल्ली आता पन्नास वर्षं शोरूमचीच राहील.

रात्रीचा ट्रेलर बंद झाला हे खरं. पण शोरूमच्या दिव्यांनी गल्लीत रात्रभर उजेड असायचा, तोही गेला. त्यांचा वॉचमन आमच्या गेटवरही नजर ठेवायचा. आता सोसायटीला स्वतःचा दुसरा वॉचमन ठेवावा लागणार, आणि मेंटेनन्स वाढणार म्हटल्यावर शोरूम चांगलंच होतं असं सभेत पहिल्यांदा बोललं गेलं. काकांची तर दिनचर्याच मोडली. चार दिवस त्यांनी घरात कॉफी घेऊन पाहिली. पाचव्या दिवशी सेल्सच्या मुलाचा फोन आला, “काका, नवं मॉडेल आलंय, टेस्ट ड्राइव्हला येताय ना?” काका लगेच निघाले.

नव्या जागेची टेस्ट ड्राइव्ह चांदणी चौकाच्या दिशेनं जाते. तिथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर स्फोटानं पाडला. तो एका दणक्यात पुरता पडला नाही, उरलेला यंत्रांनी ओढून काढावा लागला. ऑगस्ट २०२३ मध्ये नव्या पुलांचं उद्घाटन झालं. आता तिथे इतके रॅम्प आहेत, की बावधनला जायचं म्हणून शिरलेला नवखा माणूस साताऱ्याच्या दिशेला लागतो. काका गाडी चालवत होते आणि शेजारच्या मुलानं “इथून डावीकडे” म्हटलं तेव्हा डावीकडे जाणारे दोन रस्ते होते. काकांनी त्यातला दुसरा घेतला आणि भूगावच्या पुढे गेल्यावर वळायला जागा मिळाली. मुलाच्या कपाळावर घाम आला होता. काका मात्र खुशीत होते. पाचही गिअर पडले म्हणाले, आणि मायलेजचा काट्यावरचा आकडाही मान्य केला. पण गाडी लगेच मिळते आहे म्हटल्यावर पुन्हा बेत रहित केला.

२२ तारखेला घट बसले आणि नव्या शोरूममध्ये गाड्यांची रांग लागली, दसऱ्याला तर विचारूच नका. मावशी ठरलेल्या कोपऱ्यावर होत्या. गाडीचं लिंबू वीसला एक झालं होतं. विचारलं तर म्हणाल्या, “गाडीवरला टॅक्स कमी झालाय ना? मग?”

इकडे जुन्या जागेचं काय? इमारत खरंच रिडेव्हलपमेंटला गेली आहे. म्हणजे तिसरा गटही चुकला नव्हता. पण बिल्डर आणि सभासदांचं अजून जमलेलं नाही. तोवर मालकांनी ते रिकामं शोरूम आणि पुढचं आवार पे अँड पार्कला देऊन टाकलं. काचा काढलेल्याच होत्या, रॅम्पही होता. त्या गुळगुळीत, कंपनीमान्य फरशीवर आता आमच्याच सोसायटीच्या गाड्या रांगेनं उभ्या असतात. सेक्रेटरींची गाडी तर नेमकी त्याच जागी लागते जिथून त्यांनी ती उचलली होती. फक्त आता तासाला पैसे पडतात.

दिवाळी-पाडव्याच्या मुहूर्तावर आनंदनगरच्या शोरूमला गाडी बघायला जायचा ज्यांचा विचार असेल, त्यांना मात्र एक कळकळीची विनंती आहे. कृपा करून मेट्रोनं जा. आनंदनगर स्टेशनला उतरलात की दोन मिनिटांवर आहे. गाडी घेऊन जाऊ नका. दसऱ्यापासून तिथेही लावायला जागा राहिलेली नाही.